‘बरं हाय’ असा रकाना

स्वादुपिंडात खडे आहेत असं सांगितलं की बहुतेक पेशंट विचारतात, "म्हणजे पित्ताचेच ना?" ते वेगळे, हे वेगळे. हे स्वादुपिंडाच्या नळीत अडकतात. जेवल्यावर पोटात कळ उठते, पाठीत जाते, आणि माणूस गुडघे पोटाशी घेऊन वाकून बसतो. यकृत आणि स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया हे माझं काम. वर्ध्याजवळच्या एका रुग्णालयात मी ते करते. नळी उभी उघडून खडे काढायचे आणि ती आतड्याला जोडून द्यायची. अशा पेशंटचं दुखणं पुढच्या काही वर्षांत किती उरतं, हा माझ्या संशोधनाचा विषय होता.

वडनेरचा एक शिंपी त्या अभ्यासात होता. शाळेचे गणवेश शिवायचा. दारूला कधी शिवला नव्हता, तरी गाव त्याच्या दुखण्याला दारूचंच दुखणं म्हणे. ऑपरेशननंतर तो ठरल्या वेळी यायचा. मी विचारायची, "आता बरं आहे ना?" तो म्हणायचा, "बरं हाय जी, म्याडम." मी रकान्यात शून्य लिहायची. शून्य म्हणजे दुखणं नाही.

मग तो दोनदा आला नाही. फोनही लागेना. लेख जवळजवळ तयार होता, त्याची एक नोंद तेवढी अडली होती. हिंगणघाटचं आमचं तपासणी शिबिर दुपारी संपलं, तशी मी वडनेरला गेले.

तो घरातच होता. बाजेवर उशी पोटाखाली दाबून पालथा पडलेला. मला पाहून धडपडत उठला, शर्टाच्या गुंड्या लावल्या आणि म्हणाला, "बरं हाय, म्याडम."

त्याची बायको चहा ठेवायला निघाली होती, ती दारातच थांबली. "काहाचं बरं? हप्त्यातून दोन-तीन दिवस मशीनवर बसनं होत नाई यांचं. तुमच्यासमोरच बरं म्हणतेत."

"मग मला सांगितलं का नाही?" मी त्याला विचारलं.

तो म्हणाला, "तुमी एवढी मेहनत केली. तुमाले कसं सांगू, दुखून राह्यलं म्हणून? अन् तुमी इचारताच असं, का बरं आहे ना. मंग मानसानं काय म्हनावं?"

मी चहा घेतला. दुसऱ्या दिवशी तपासणीला यायला सांगून परत निघाले. गाडीत मला पहिल्यांदा राग आला तो त्याचा. हा राग हिंगणघाट येईपर्यंत टिकला. नंतर बाकीच्या शून्यांचा विचार सुरू झाला. ती सगळी मीच विचारून मीच लिहिली होती.

विभागप्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, "लेखाच्या शेवटी अभ्यासाची मर्यादा म्हणून दोन ओळी टाका. सगळे तेच करतात." सल्ला चुकीचा नव्हता, आणि आठवडाभर मी त्या दोन ओळी लिहून बघितल्याही. नंतर लेख बाजूला ठेवला.

आमच्याकडे एक समाजसेविका आहेत, मूळच्या इथल्याच नाचणगावच्या. सगळ्या पेशंटच्या घरी त्या गेल्या. मी सोबत नाही, पांढरा कोट नाही. "बरं आहे का" असं विचारायचंच नाही, एवढंच ठरलं होतं. त्या विचारायच्या, "मागच्या महिन्यात काम किती दिस बुडलं? जेवन कवा सोडलं?" उत्तरं यायला लागली तशी शून्यं कमी होत गेली. पुष्कळांना ऑपरेशनचा फायदा झाला होता, पण मी लिहिला होता तेवढा नाही. लेख पुन्हा लिहिला. पहिल्या मासिकाने परत पाठवला, दुसऱ्याने घेतला. एका परिषदेत एकाने विचारलं की आमचे निकाल इतरांपेक्षा कमी का. मी कारण सांगितलं.

शिंप्याच्या तपासणीत दिसलं, की स्वादुपिंडाच्या डोक्याशी, म्हणजे त्याच्या रुंद टोकाला, खडे राहून गेले होते. पहिल्या वेळी मी तिथपर्यंत पोचले नव्हते. हे मी त्याला आणि त्याच्या बायकोला समोर बसवून सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "पुन्हा तुमीच करसान ना?" मी हो म्हटलं. दुसरं ऑपरेशन लांबलं, पण नीट झालं. आता त्याला साखरेची औषधं लागतात, जेवणासोबत पाचकाच्या कॅप्सूल लागतात. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. महिन्यातून एखादा दिवस मशीन बंद राहते. हे त्याने मला सांगितलेलं नाही. समाजसेविकांच्या वहीत आहे, आणि मी तिथूनच वाचते.