तारमास्तरांची थंड मोटार

कोणतीही वस्तू आपले म्हणणे पुरते सांगून होईपर्यंत तिला हात लावू नये, या एका तत्त्वावर अख्खे आयुष्य काढलेला माणूस मी एकच पाहिला. तो माझ्या बायकोचा मामा. रेल्वेच्या तारघरात मामा तीस वर्षे तारमास्तर होते. यंत्राची कटकट ऐकायची आणि तिची अक्षरे कागदावर उतरवायची, एवढेच काम. निवृत्त होऊन तापीपलीकडे जैनाबादला राहायला गेले तरी त्यांच्या कानांना निवृत्ती मिळाली नाही. दाराची कडी वाजली की पाहुणा कोण ते सांगत, रहाटाच्या कुरकुरीवरून विहिरीचे पाणी किती खाली गेले ते सांगत. एका लग्नात मंगलाष्टके संपल्यावर त्यांनी शांतपणे भटजींना सांगितले की तिसऱ्यात एक ओळ गळाली आहे, आणि ती म्हणवून घेतल्याशिवाय हातातल्या अक्षता टाकल्या नाहीत. सगळा मांडव थांबून राहिला. त्यांच्याशी बोलणेही सोपे नव्हते. आपले बोलून झाले तरी आणखी काही येईल म्हणून ते थोडा वेळ थांबत, आणि नवखा माणूस त्या तेवढ्या वेळात राग आला समजून निघून जाई.

आलेला निरोप परत वाचून दाखवायचा आणि समोरून 'बरोबर' आले तरच पुढे हलायचे, हा तारघरातला नियम त्यांनी घरीही लावला होता. मामींनी आतून "दही आणा हो" म्हटले की मामा पिशवी घेऊन उंबऱ्यात उभे राहत. "दही. आणा. बरोबर?" आतून 'बरोबर' आल्याशिवाय त्यांचे पाऊल उचलत नसे. मामी चुलीपाशी गुंतल्या असल्या की सकाळचे दही दुपारी येई. मामी कधी चिडल्या नाहीत. मला एकदा म्हणाल्या, "जावईबापू, तीस साल संसार केला, पण यांनी माझं बोलणं चुकीचं ऐकलं असं एकदाही झालं नाही. उशिरा ऐकलं, ही बात निराळी."

मामींना दमा होता. थंडी पडली की पहाटे त्यांची छाती भरून येई, आणि इस्पितळ नदीच्या अलीकडे, बऱ्हाणपुरात. बैलगाडीने तापीच्या उतारातून, म्हणजे उथळ पाण्यातून, यायचे म्हणजे तासभर जाई, आणि त्या तासात मामींचे ओठ निळे पडत. म्हणून मामांनी मोटार घेतली. संस्थाने विलीन होत होती तो काळ. कुठल्याशा छोट्या संस्थानाच्या तबेल्यातल्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या होत्या, त्यातली ही एक, मामींच्याच पाटल्या मोडून आलेली. दारावरचे राजचिन्ह कुणीतरी अर्धवट खरवडले होते. उरलेल्या अर्ध्याला रस्त्यावरचे म्हातारे शेतकरी वाकून मुजरा करत, आणि मामा स्टीअरिंगवरचा एक हात काढून तो गंभीरपणे स्वीकारत.

पण गाडीला सकाळ सोसत नव्हती. दुपारी ती बरी चाले. पहाटे मात्र हँडल मारले की सुरू होई, चार-सहा श्वास घेई, मग सगळे अंग थरथरे आणि बंद पडे. चोक ओढून धरला तर थोडी जास्त जगे, पण उभ्या जागी अशी हलत राही की दिव्याच्या काचा वाजत. मामा म्हणाले, "संस्थान विलीन झाल्याची तार हिला अजून मिळालेली नाही. राजा उठेपर्यंत ही उठायची नाही."

आणि त्यांनी ऐकायला सुरुवात केली. रोज पहाटे उपरणे कानाला गुंडाळून, एक कान मोकळा ठेवून, ते बॉनेटवर बोटे टेकवत आणि इंजिनाचे ठोके वहीत टिंब-रेघांनी उतरवून घेत. बॉनेट मात्र उघडत नसत, कारण संदेश पुरता झाला नव्हता. पंधरा दिवसांनी निदान निघाले, की तिसरा ठोका अडखळतो. मग बऱ्हाणपुरातून मिस्त्री बोलावला. त्याने प्लग, पॉइंट, तारा, सगळे एका दमात बदलायचे ठरवले, तर मामांनी त्याचा हात धरला. सगळे एकदम बदलले तर दोष कोणाचा होता ते कसे कळणार? रोज एकच वस्तू बदलायची. आणि हा आजार थंड गाडीचा, म्हणून परीक्षा दिवसातून एकदाच. एकदा इंजिन तापले की ते दिवसभर खोटे बोलते, पुन्हा खरे ऐकायला दुसऱ्या दिवसाची पहाट लागते. मिस्त्रीने हात पुसले आणि विचारले, "मास्टरसाहब, आपको गाड़ी चलानी है या मुक़दमा?"

हा मुकदमा सगळा पौष चालला. एक पहाट, एक प्लग. एक पहाट, एक तार. मी बऱ्हाणपुरात शाळेत शिकवत असे; शनिवारी शाळा सुटली की जैनाबादला जाई आणि वहीतले पान पुढे सरकलेले पाही. मला आधी गंमत वाटायची. मग एका रविवारी, सूर्य उगवायच्या आत, मामींना जोराची धाप लागली. गाडी सुरू झाली, थरथरत नदीपर्यंत आली आणि उताराच्या मधोमध, चाके पाण्यात असताना, मेली. हँडल मारून मारून माझे हात सोलले. शेवटी काठावरच्या चार कोळ्यांनी बाज आणली आणि मामींना खांद्यावरून पलीकडे नेले. मामा गुडघाभर पाण्यात गाडीपाशीच उभे राहिले. मामी वाचल्या, पण त्या सकाळी मी मामांना बोललो. म्हटले, तुमचे ऐकून होईपर्यंत मामी राहायच्या नाहीत. त्यांनी नेहमीसारखा थोडा वेळ वाट पाहिली. मग माझे वाक्य शब्दाशब्दाने परत म्हणून दाखवले आणि विचारले, "बरोबर?"

दोष शेवटी मामींनी शोधला. इस्पितळातून घरी आल्यावर त्या सकाळी अंगणात उन्हाची वाट पाहत बसत. मांडीजवळ मातीचे धुपाटणे, त्यात धोत्र्याची वाळकी पाने धुमसत असत. त्याच्या धुराने छाती मोकळी होते म्हणत. शेजारी मामांनी गाडी सुरू केली होती, आणि आता बॉनेटही उघडे होते. गाडी थरथरत होती आणि मामी तिच्याकडे एकटक पाहत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "माझा धूर तिथून अंदर जातोय, बघा जरा."

खरेच जात होता. कार्बुरेटर जिथे इंजिनाला जोडलेला होता, त्या सांध्यापाशी धुराची निळी रेघ वळत होती आणि नाहीशी होत होती. सांध्यातला पुठ्ठा वाळून चिरला होता. गाडी तापली की सांधा फुगून चीर मिटे. थंड असताना तिथून नुसती हवा आत शिरे, पेट्रोल पातळ होई आणि इंजिनाचा जीव घाबरा होई. मामांनी वही मिटली. मामी धापा टाकत हसल्या. "मला हवा पुरत नाही, आणि हिला जादा झाली. तुम्ही कान लावून बसला होता, हे दिसायचं होतं."

नवा पुठ्ठा हवा होता. मामांनी माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिले. व्याकरणाचे पुस्तक होते, बांधणी चांगली जाड. "पुठ्ठा. घेतो. बरोबर?" मी बरोबर म्हटले. त्यांनी तो कातरला, तेलात भिजवला आणि सांध्यात बसवला. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्या हँडलला गाडी सुरू झाली आणि शांत उभी राहिली. शेजारच्या धुपाटण्यातली राखही हलली नाही. त्या माघात मामींना दोनदा इस्पितळात न्यावे लागले. दोन्ही वेळा गाडी उतारात कुठे अडली नाही.

मामी गेल्या त्या श्रावणात. मी आदल्या दिवशी नावेने गेलो होतो आणि रात्रीत तापीला पूर आला. सकाळी धाप लागली तेव्हा उतार कुठे होता ते झाडांवरून ओळखावे लागत होते. नाव घालायला कोणी तयार होईना. मामांनी गाडी अंगणात ओसरीसमोर आणली, तोंड नदीकडे करून सुरू ठेवली. पाणी ओसरले की क्षणही वाया जाऊ नये म्हणून. मामी ओसरीवर लोडाला टेकून बसल्या होत्या. गाडी इतकी सुरेख चालत होती की तिचा आवाज आहे हे विसरायला व्हावे. मी दोनदा नदीवर जाऊन आलो. पाणी वाढतच होते. दुपारी मामींनी त्यांना हाताने जवळ बोलावले.

"बंद करा आता गाडी," त्या म्हणाल्या.

मामा त्यांच्या तोंडाजवळ वाकले. "गाडी. बंद. करा. बरोबर?"

ते थांबले. खूप वेळ थांबले. ओसरीवर बायका जमल्या, कुणी रडू लागले, कुणी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. मीही कानाशी जाऊन म्हटले की मामा, गाडी बंद करू का. त्यांनी मानेनेच नको म्हटले. निरोपाला दुजोरा आला नव्हता. पेट्रोल संपेपर्यंत गाडी अंगणात चालत राहिली आणि मग आपली आपण थांबली.

त्यानंतर मामा नऊ हिवाळे जगले. गाडीने कुठे जायचे उरले नव्हते, पण रोज पहाटे ते ती एकदा सुरू करत, बॉनेटवर बोटे टेकवत आणि तापली की बंद करत. वही पुन्हा उघडली नाही. एकदा मी विचारले, ती काय म्हणते. म्हणाले, "काही नाही. लाइन मोकळी आहे."

त्यांना जाऊन महिना झाला. गेल्या रविवारी घर आवरायला जैनाबादला गेलो. उजाडायच्या आत उठलो, हँडल मारले. पहिल्याच फेऱ्याला सुरू झाली. माझा पुठ्ठा अजून धरून आहे. मी बॉनेटवर बोटे टेकवली. मला तारेची भाषा येत नाही. तरी, बोलणे मध्येच तोडू नये म्हणून, मी बराच वेळ तसाच उभा राहिलो. मग इंजिन तापले आणि मी ते बंद केले. पुन्हा ऐकायचे तर आता उद्याची पहाट.