वाढत्या अंगाचं माप

शिवणकामाच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात, चिंध्या आणि किस्से. चिंध्यांच्या निदान गोधड्या होतात. किश्श्यांचं काय करायचं, म्हणून सांगत बसले आहे.

आमचं दुकान धारला, शाळेच्या युनिफॉर्मचं. सासऱ्यांचे, म्हणजे नानांचे, पणजोबा दरबारात अंगरखे शिवायला आले आणि आम्ही ट्यूनिकांवर आलो! नानांना जुना दमा. कोरोना आला तसं आम्ही त्यांना माडीवर बसवलं. मशीन वर, जेवण वर. कापड दोरीच्या टोपलीतून वर जायचं आणि शिवून खाली यायचं. आमच्या रेवानं दीड वर्ष आजोबा फक्त गॅलरीत पाहिले.

*

पहिल्या वर्षी सगळ्यांना नुसते शर्ट हवे होते. "भाभी, नीचे का रेन दो. कॅमेरे में किसको दिखता है?" एका आईनं सांगितलं. मलाही ते पटलं. पँटींचा ढीग पडला तसाच.

पंधरा ऑगस्टला तिच्या मुलाच्या शाळेनं ऑनलाइन झेंडावंदन ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाई दुकानात हजर. "भाभी, पँट भी दे दो."

"का हो, एवढी घाई?"

"राष्ट्रगीत हो गया! पूरी क्लास के सामने चड्डी में सावधान खड़ा था!"

*

धरमपुरीचे एक मास्तर मोटरसायकलवरून आले. मुलाला बाजारात आणायचं नाही, म्हणून बायकोनं सुतळीला गाठी मारून माप दिलं होतं. एक गाठ छातीची, दुसरी उंचीची. मी सुतळी टोपलीतून वर पाठवली.

वरून नाना ओरडले, "ही छाती असेल तर पोराला शाळेत नको, आखाड्यात घाला!"

मास्तरांनी गडबडून घरी फोन लावला, स्पीकरवर. बायको म्हणाली, "माप की सुतली तो यहीं खूँटी पे टँगी है! आप डब्बा बाँधने की उठा ले गए!"

परत जाऊन यायचं म्हणजे आख्खा दिवस. मास्तरांचा चेहरा पडला. तेवढ्यात नानांनी गॅलरीतून विचारलं, "मुलगा कितवीत?"

"पाँचवीं में."

"पोळ्या किती खातो?"

"चार."

"मग अठ्ठावीस!" नाना म्हणाले आणि कापायला बसले. शर्ट नीट बसल्याचा मास्तरांचा फोन आला.

*

कपडा वाढत्या अंगाचा हवा, हे आमच्याकडे प्रत्येक आई-बाप सांगतो. नानांचा हिशेब ठरलेला. खालच्या काठाला आत दोन बोटं कापड दुमडून ठेवायचं, पोर वाढलं की उसवायचं. पण शाळा कधी उघडणार हेच कुणाला ठाऊक नाही, तर वाढ धरायची किती?

एक गिऱ्हाईक हट्टाला पेटलं. "नाना, चार उँगली तो रखो ही."

"दोन. वाढत्या अंगाचं म्हणजे तंबू नव्हे!"

गृहस्थ रागावून दुसरीकडे गेले आणि दोन नंबर मोठा तयार ड्रेस घेतला. वर्षानं तोच ड्रेस घेऊन आमच्याकडे आले. घडीसुद्धा मोडली नव्हती. "भिया, छोटा हो गया," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. मुलगा वर्षभर घरात बसून आडवा वाढला होता.

नाना वरून म्हणाले, "उंचीला दोन बोटं पुरलीच असती. पोटाचं मला कुणी विचारलंच नाही!"

*

मग लहान मुलांच्या शाळाही उघडल्या. पालकांनी लेखी संमती द्यायची. दुकानात येणारा प्रत्येक जण मला विचारी, "भाभी, तुम्हारी छोरी जा री है क्या?" युनिफॉर्म विकते म्हणजे मला आतली खबर असणार! मी सगळ्यांना सांगे, पाठवा, काळजी घ्या, काही होत नाही. आणि रेवाचा फॉर्म माझ्याच ड्रॉवरमध्ये कोरा पडलेला.

कारण साधं होतं. नानांचे दोन्ही डोस झाले होते. रेवा घरीच असते, म्हणून दिवाळीला ते खाली येऊन पंगतीत बसणार असं ठरलं होतं. ती शाळेत गेली की ते पुन्हा वर. इकडे रेवा गॅलरीखालच्या अंगणात एकटीच लंगडी खेळायची. राज्य तीच घ्यायची, आउट तीच व्हायची. मला दोघांचंही वाईट वाटे आणि फॉर्म पुन्हा ड्रॉवरमध्ये जाई.

देवासला माझी ताई असते. तिचा मुलगाही रेवासारखाच चौथीत. मी घरी सांगितलं, ताई पाठवतेय. आठवड्यानं दोघींच्या नवऱ्यांचं फोनवर बोलणं झालं.

"तुमचा जातोय म्हणे शाळेत?"

"छे हो! तुमची जातेय म्हणून तर आम्ही विचार करतोय!"

त्या दिवशी दोन्ही गावांत स्वयंपाक मुकाट्यानं झाला.

*

एका शनिवारी ड्रॉवर उघडला तर फॉर्म नाही. रेवाला विचारलं.

"मी टोपलीत टाकला. त्यावर 'पालक' लिहिलंय. नानापण पालकच ना?"

दोन दिवस वरून काहीच आलं नाही. मंगळवारी टोपली खाली आली. त्यात नवं कोरं ट्यूनिक, खिशात फॉर्म. पालकाच्या जागी नानांची सही होती आणि खाली त्यांच्या जुन्या वळणाच्या अक्षरात एक ओळ: दिवाळीचा फराळ टोपलीतून पाठवणे.

मी अंगणात येऊन वर पाहिलं. डोळे भरले होते, पण विचारलं भलतंच. "नाना, माप कुणी दिलं?"

"रोज लंगडी खेळते ना खाली. दिसते."

रेवानं ट्यूनिक अंगाला लावलं. अगदी बेताचं होतं. सवयीनं मी खालचा काठ उलटून पाहिला. आत चार बोटं कापड दुमडलेलं होतं.

"नाना, चार बोटं?"

"राहू दे, सूनबाई. पुढच्या खेपेस वर पाठवायला नको. तूच उसव."

आणि त्यांनी मशीन सुरू केलं.