सोन्याच्या पाण्यातली सवत

मेलेल्या बाईचा हेवा करणं फार अवघड काम आहे. तिच्याशी भांडता येत नाही, ती म्हातारी होत नाही, आणि तिच्याबद्दल वाकडं बोललं की आपणच वाईट ठरतो.

माझं लग्न उशिरा झालं, बिजवराशी. यांची पहिली बायको तरुणपणीच तापाचं निमित्त होऊन गेली होती. लग्नानंतर सासूबाईंनी तिच्या नावाचा चांदीचा टाक माझ्यापुढे धरला. दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे ती त्रास देत नाही, अशी त्यांच्याकडची पद्धत. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी बाई. मी सरळ नाही म्हणाले, आणि टाक देव्हाऱ्यात गेला. त्रास व्हायचा तो झालाच. यांनी इतक्या वर्षांत तिचं नाव काढलं नाही, हाच तो त्रास. बोलले असते तर मनात किती आहे ते तरी कळलं असतं.

निवृत्त झाल्यावर मी फोटो छापायला लागले, तेही अगदी जुन्या पद्धतीनं. कागद मिठाच्या पाण्यात भिजवायचा, वाळला की मंद दिव्यात त्यावर ब्रशनं सिल्व्हर नायट्रेट फिरवायचं. मग वर फोटोएवढीच निगेटिव्ह, त्यावर काच, आणि सगळं आमच्या हर्सूलच्या गच्चीवर उन्हात. चित्र डोळ्यांदेखत उमटतं. नुसत्या चांदीचा फोटो तांबूस तपकिरी येतो, पण वर्षं सरतात तसा फिका पडत जातो. तोच मधे सोन्याच्या क्षाराच्या पाण्यात ठेवला तर चांदीवर सोनं चढतं, रंग थंड, जांभळट होतो आणि फोटो टिकतो. त्या सोन्याची इवलीशी बाटली मी दागिन्यांसारखी कपाटात ठेवते.

यांना त्यात काडीचा रस नव्हता. माझी बोटं चांदीनं काळी झाली तरी त्यांना दिसत नसत. पाणी मात्र दिसायचं. आमच्याकडे नळ कधी येईल याचा भरवसा नाही, आणि फोटो धुवायला बादल्यांवर बादल्या लागतात. "फोटोला पाणी पाजायलीस का?" एवढंच काय ते त्यांचं माझ्या कलेवरचं मत.

गेल्या दिवाळीनंतर देवगाव रंगारीहून पहिलीचा भाऊ आला. तो मला ताई म्हणतो, बहिणीच्या जागी आलेली म्हणून. माणूस लाघवी आहे, त्याचा राग करता येत नाही. जुनं घर उतरवताना पेटीत त्याला निगेटिव्हचा एक तुकडा सापडला होता.

"ताई, तुमी फोटो करता म्हणं. आक्काचा येवढा येकच हाय बघा. मोठा करून द्याल का?"

मी हात पुढे करायच्या आत यांनी तो घेतला. खिडकीपाशी जाऊन उजेडात धरला आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले. मग म्हणाले, "गुलमंडीत त्यो दुकानवाला मोठी निगेटिव्ह काढून देतो, व्हय ना?"

मी वर्षभर त्या दुकानात जात होते. कुठं चाललीस, असं या माणसानं एकदाही विचारलं नव्हतं. म्हणजे माझं सगळं बोलणं कानावर पडत होतं, फक्त कामाला आज आलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः स्कूटर काढून गेले आणि पारदर्शक कागदावर काढलेली मोठी निगेटिव्ह घेऊन आले. मी छापायला बसले तेव्हा तर कहरच झाला. ज्यांना माझ्या फोटोंसाठी तांब्याभर पाणी जड जात होतं, ते दुखरे गुडघे सांभाळत भरल्या बादल्या गच्चीवर चढवत होते. मी आतून जळत होते, आणि ते कळू नये म्हणून काच पुन्हा पुन्हा पुसत होते.

उन्हात ती हळूहळू वर आली. कापसाच्या रानात उभी, ओच्यात कापूस धरलेला, फोटो काढणाऱ्याकडे बघून हसणारी. फोटो कोणी काढला हे विचारायची गरज नव्हती. परक्याकडे बघून कोणी असं हसत नाही. देखणी होती का? नव्हती, आणि त्याचंही मला समाधान मिळालं नाही. जिचा टाक गळ्यात घालायला मी नकार दिला होता, तिला आता मीच माझ्या हातानं चांदीत उतरवत होते.

पहिला फोटो अंदाज यावा म्हणून नुसत्या चांदीत केला. मनात आलं, हाच देऊन टाकावा. उडेल तेव्हा उडेल, मला कोण नावं ठेवणार? पण हाताला लागलेली सवय वाईट. शिवाय तिच्यापुढे कंजूषपणा केला असं मला मेल्यावरसुद्धा ऐकून घ्यायचं नव्हतं. दुसरा फोटो मी सोन्यात केला, बाटलीला हात आखडता न घेता. सावल्या खोल गेल्या, कापसाचं बोंड न् बोंड सुटं दिसायला लागलं. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम होतं ते, आणि ते तिचं झालं.

दोन्ही फोटो वाळवून मी टेबलावर मांडले. फोटो न्यायला आलेल्या भावाला सोन्यातला बघताक्षणी आवडला. "आक्का लई मोठ्या घरची दिसायली," तो म्हणाला.

यांनी तो हातात घेतला आणि लगेच ठेवला.

"ही ती नाय. ती अशी गोरीजांभळी नव्हती. उन्हानं रापलेली व्हती." मग तपकिरी फोटोवर बोट टेकवलं. "ही बघ. ही ती."

मी समजावलं, अगदी वर्गात समजावते तसं. तो फिका पडेल, सोन्यातला तुमच्या-माझ्यानंतरही राहील.

"टिकून काय करायचंय?" ते म्हणाले. "त्यात ती न्हाईच."

सोन्यातला देवगावला गेला. तपकिरी यांनी ठेवून घेतला आणि मला विचारलं, अंधारात ठेवला तर किती वर्षं जाईल. माझ्या विषयातला त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी नीट उत्तर दिलं. तेव्हापासून तो त्यांच्या शर्टांच्या घडीखाली आहे.

इतक्या वर्षांनी तिचा रंग त्यांच्या डोळ्यांत होता, जरासा थंड पडला तर खटकण्याइतका. मला झोप लागेना. तिची आठवण काढली म्हणून नव्हे. मला एवढंच कळायला हवं होतं, की रोज समोर वावरणाऱ्या बाईचा रंग या माणसानं कधी पाहिला आहे का.

पुढच्या वेळी नळ आला तेव्हा मी माझाच फोटो छापला, कॉलेजच्या निरोपाच्या दिवशीचा. एक नुसत्या चांदीत, एक सोन्यात. तपकिरीत मी सावळी दिसत होते, म्हणजे आहे तशी. सोन्यातल्यात कोणी दुसरीच बाई वाटत होते. यांचा चहा झाल्यावर दोन्ही पुढ्यात ठेवले.

"अहो, यातली मी कोणती?"

त्यांनी चष्मा लावला. थट्टा केली नाही, टाळलं नाही. एक बघितला, दुसरा बघितला, परत पहिला बघितला. मनापासून शोधत होते.

"दोनी बी चांगले आलेत की," ते म्हणाले.