कानामागचं वळण

"भावजी, मशीन बंद केलं मी," एवढंच वहिनी म्हणाल्या. मी बिडकीनला एका कारखान्यात साचा उतरवून घेत होतो, हातात ग्रीसचं फडकं. दीड वर्षं त्यांच्या घरून फोन आला की मागं ऑक्सिजनच्या मशीनची घरघर ऐकू यायचीच. त्या दिवशी मागं काहीच नव्हतं... मी "बरं" म्हणालो. बरं काय, डोंबल! पण तोंडातून तेच निघालं. माझा दोस्त अनंता गेला होता. आता दीड महिना होत आला, तरी फोन वाजला की कान आधी ती घरघर शोधतो.

पॉलिटेक्निकला आम्ही एका बाकावर होतो. मी पाचोडच्या शेतकऱ्याचा पोरगा, तो छावणीतल्या कारकुनाच्या घरातला. पहिल्या दिवशी त्यानं मला 'पाटील' केलं ते शेवटपर्यंत पाटीलच. पुढं आम्ही मिळून एक शेड टाकली. मी साचे कापायचो, ज्याला आम्ही डाय म्हणतो, आणि डोकं त्याचं चालायचं. दवाखान्यात पेशंटच्या कानांवरून येऊन नाकात जाणारी ऑक्सिजनची नळी सगळ्यांनी बघितलेली असते. ती तो डिझाइन करायचा. "एवढीशी नळी, तिच्यात काय डिझाइन?" असं कुणी म्हटलं की संपलाच तो माणूस. तासभर सुटका नाही. नाकात जाणाऱ्या दोन टोकांना आमच्या शेडमध्ये शिंगं म्हणायचे, आणि त्या शिंगांची लांबी, जाडी, बाक यावर हा गडी जेवणाच्या डब्यावरसुद्धा बोलायचा.

प्रत्येक नवीन नमुना तो स्वतः दिवसभर घालून हिंडायचा. नळीचं दुसरं टोक शर्टाच्या खिशात, आणि साहेब छावणीच्या बाजारात भाजी घेतायत! भाजीवाले चाचा पहिल्यांदा घाबरलेच. "क्या हुआ साब, तबियत खराब है क्या?" म्हणून त्यांनी कोथिंबिरीची जुडी फुकट दिली. यानं ती घेतली आणि मला येऊन म्हणतो, "पाटील, या नळीची पहिली कमाई." आणखी एक खोड होती त्याची. पाकिटात गुंडाळून ठेवलेली नळी तेच वेटोळं धरून बसते, मग ती नाकाला ओढ देते. म्हणून तो प्रत्येक नळी गरम पाण्यात बुडवायचा, बोटांनी सरळ करायचा आणि कपड्यांच्या दोरीवर लटकवायचा. पातेलं कुठलं, तर चहाचं! "अहो, पाहुण्यांना चहा देताना लाज वाटते मला, प्लास्टिकचा वास येतो त्याला," वहिनी करवादायच्या. तो म्हणायचा, "माणसाला आपण वाकवायचं नाही, नळीला वाकवायचं."

आमची पहिली चांगली नळी तयार झाली तेव्हा माय माझ्याकडंच होती. आयुष्यभर चुलीपुढं बसून तिची छाती पार कामातून गेली होती, डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन लावायला सांगितलं होतं. मी मोठ्या तोऱ्यात आमचीच नळी तिला लावली. ती घडीघडी काढून टाकायची. ओठ निळे पडायचे, तरी काढायची. डाव्या नाकपुडीत तिची मोरणी होती, मी म्हणालो ती काढ. "तुझा बा जित्ता हाय अजून. मी मोरणी काढत नसते," ती म्हणाली. माझं डोकं फिरलं. "त्या मोरणीपायी जीव जाईल तुझा!" असं मी आईवर ओरडलो. ते ओरडणं आजही मला आठवतं आणि माझीच मला शरम वाटते.

तिसऱ्या दिवशी अनंता आला. त्यानं मोरणीचा विषयच काढला नाही. खाटेजवळ खाली बसला आणि विचारलं, "माय, नेमकं कुठं दुखतंय?" हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. मायनं नाकपुडीच्या आत बोट दाखवलं. "हितं. मोरणीची फिरकी टोचती आतून, नळीनं दबती ना ती. तुमची नळी लई चांगली हाय रं लेकरा, पण गड्यांच्या नाकाची हाय."

खरं होतं ते. अनंतानं शेडमधल्या सगळ्यांची नाकं मापली होती, वॉचमनचं, चहावाल्याचं, माझं. वही भरली होती. त्या वहीत बाईचं नाक एक नव्हतं. जिन्यात मला म्हणाला, "घरात रोज समोर बायकोच्या नाकात चमकी असते रे, पाटील. मला दिसली नाही."

डाय बदलायची म्हणाला तेव्हा मात्र मी भडकलो. शिंगं बारीक करायची म्हणजे डायमधली भोकं बारीक करायची. "लोखंड कापता येतं, परत चिकटवता येत नाय!" मी म्हणालो. तीन आठवड्यांचं काम पाण्यात जात होतं. माझ्याच आईसाठी तो भांडत होता आणि मी माझ्या डायसाठी! आठ दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तो मात्र रोज दुपारी घरी यायचा, ब्लेडनं हातानं तासलेली शिंगं घेऊन. रोज मायला घालून बघायची, रोज थोडी आणखी तासायची. एका दुपारी मी घरी आलो तर माय गाढ झोपली होती. नाकात नळी, मोरणी जागच्या जागी, ओठांना रंग. अनंता भिंतीला टेकून बसला होता. तोंडावर बोट ठेवून म्हणाला, "निजलीय." मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो आणि दुसऱ्या दिवशी नवीन डाय कापायला घेतली. माय त्यानंतर दोन हिवाळे होती, मोरणीसकट.

पुढं त्याचीच फुप्फुसं आखडत चालली. डॉक्टर उपाय नाही म्हणाले. सुरुवातीला छोटा सिलिंडर खांद्याला लावून तो बाजारात जायचा. चाचा हसून म्हणाले, "क्या साब, अब्बी तक टेस्टिंग चल्रा क्या?" यानं मान डोलावली, "हाँ चाचा, चल्रा." कोथिंबीर घेतली आणि घरी आला. मी त्याच्याबरोबरच होतो.

शेवटची भेट गुरुवारची. त्यानं कान पुढं वाकवून दाखवला. नळीनं मागं काचून लाल झालं होतं, तिथं त्यानं जुन्या धोतराची पट्टी नळीवर गुंडाळली होती. "पाटील, इथं एक मऊ बाही हवी, सरकवता येईल अशी. एक छोटी डाय. करतोस?" दर दोन शब्दांना तो थांबत होता. मी म्हणालो, "सोमवारी बघू." तो हसला, "बघ बाबा... सोमवारी." शनिवारी वहिनींचा फोन आला. दोन दिवस, अनंता. दोन दिवस मला निघाले नाहीत?

परवा घरी गेलो. मशीन परत गेलंय, कोपऱ्यात फरशीवर त्याच्या चाकांचे डाग आहेत. वहिनींनी चहा टाकला, आणि खरं सांगतो, त्याला प्लास्टिकचा वास नव्हता म्हणून घोटभरसुद्धा गोड लागला नाही. मग त्यांनी त्याची नळी आणून माझ्यापुढं ठेवली. पट्टी तशीच होती. ती किती जाड गुंडाळायची, कानापासून किती खाली आणायची, सगळं माप त्यानं करूनच ठेवलं होतं. मी नळी माझ्या कानांवर चढवून बघितली. बसेना. महिनोन्‌महिने घालून तिनं त्याच्या कानांचं वळण धरलं होतं. टेबलावर ठेवली तरी दोन्ही बाजूंना तो बाक तसाच राहिला, मधे तेवढं त्याचं डोकं नव्हतं.

"बाहीचं माप घ्यायचं असेल ना तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. "गरम पाण्यात टाकून सरळ करून देऊ का?" चहाचं पातेलं त्यांच्या हातातच होतं.

"नको वहिनी," मी म्हणालो. "अशीच राहू द्या. मी वाकडीवरच माप घेतो."