वरच्या खाचराचा युरिया

माझं माहेर अष्टमीचं, सासर कासूजवळचं. नवरा रोह्याला कंपनीत लागला आणि शिफ्ट सांभाळून त्याला शेताकडे बघणं काही जमेना. सासऱ्यांचे गुडघे दुखत. घरात बेत शिजला, की शेती चुलत दिराला अर्धेलीनं द्यायची, म्हणजे कसणार तो आणि पीक निम्मं-निम्मं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. माझं डोकंच फिरलं.

"मामा, मी काय मेल्ये? एक साल मला द्या."

 सासरे म्हणाले, "वरचं खाचर तुझं. पिकवून दाखव, तर सगळी शेती तुझ्याकडं. नाय पिकलं, तर अर्धेलीनं गेली. मग तोंड उघडायचं नाय."

मी हो म्हटलं. मला माझी खात्री होती. उगाच नव्हती, मी डोळे उघडे ठेवून बघत आले होते. आमच्याकडे गोठ्यातलं शेण, पातेरा, छाटलेल्या डहाळ्या-कवळ, सगळं राबावर, म्हणजे रोपं करायच्या जागेवर, रचून भाजायचं. त्या राखेत रोप असं तरारून यायचं, की बघत राहावं. पण लावणी ज्या खाचरात करायची, त्याच्या वाट्याला चिमूटभरही काही नाही! मी उन्हाळ्यातच निम्मं शेण पाट्यांनी वाहून खाचरात टाकलं. सासरे पुटपुटले, पण त्यांनी अडवलं नाही.

लावणी झाली, रोप लागलं, फुटवे धरायची वेळ आली. मी पेणहून युरियाची गोण आणवली आणि पदर खोचून अर्धी गोण फेकली. आठ दिवसांनी बघते तर काय, माझं भात पिवळटच, आणि खालचं खाचर काळंभोर हिरवं! ते खाचर नेमकं चुलत दिराचं. तो बांधावर उभा राहून खदखदा हसत होता.

"वयनी, खत तुमचं, पीक माझं! अर्धेली आत्ताच चालू झाली म्हणायची."

चूक कळली तेव्हा स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. आमच्याकडे पावसाळाभर बांधातली पाण्याची वाट उघडीच ठेवतात, पाणी वरच्या खाचरातून खालच्यात उतरत राहतं. वाट बुजवली तर पाणी तुंबून बांध फुटेल, ही भीती. मी सवयीनं वाट तशीच ठेवली आणि वाहत्या पाण्यात खत टाकून मोकळी झाले. ते विरघळून गेलं खाली.

खत मातीला धरून राहावं म्हणून उरलेली अर्धी गोण ओलसर मातीत कालवून एक दिवस झाकून ठेवली. उघडीप बघून खाचरातलं पाणी काढलं, चिखलावर खत फेकलं आणि वाट दगडमातीनं गच्च बुजवली. दुपार टळायच्या आत आभाळ फुटलं. पाणी बांधाच्या माथ्यापासून वीतभरच खाली राहिलं. सासरे काठी टेकत, भिजत आले.

"वाट फोड गो! बांध जाईल, सगळं भात घेऊन जाईल."

"नाय फोडणार. खत मातीत मुरायला उद्यापर्यंत थांबायला हवं."

 त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. काठी बाजूला टाकली, दुखऱ्या गुडघ्यांनी खाली बसले आणि ओंजळीनं चिखल उचलून बांधावर लावायला लागले. मीही लावत गेले. पाऊस ओसरेपर्यंत आमचे हात थांबले नाहीत. बांध टिकला.

दहा-बारा दिवसांत भातानं रंग बदलला. लोंब्या भरल्या त्या अशा, की हातात घेतल्या तरी वजन कळावं. दिराचं भात मात्र फुकटच्या खतानं नुसतं उंच वाढून लोळलं. खरं सांगते, मला आनंद झाला. लपवायचं कशाला?

झोडणी झाली. दरवर्षी सासरे स्वतः पारखून बियाण्याचं भात बाजूला काढत आणि पेंढ्यात बांधून मुडी करत. त्या साली मुडी बांधली ती वरच्या खाचराच्या भाताची.  

मग दीर खळ्यावर आला. हसणं बिसणं काही नव्हतं. सासऱ्यांना म्हणाला, "काका, चार पायली बियाणं मला पण द्या ना त्यातलं."

सासऱ्यांनी मुडीची गाठ आवळत मानही वर केली नाही. म्हणाले, "मला काय इचारतोस? शेती तिची हाय. तिला इचार."

मला रडू फुटलं, अगदी सगळ्यांदेखत. डोळे पुसले आणि त्याला सहा पायली मोजून दिलं.