कागदाचा सोफा

घराला रंग लावून घ्यायचं ठरलं तेव्हा मी आधी भिंतींवरचे डाग मोजले. सगळं आयुष्य एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? रंगारी म्हणाला होता, डाग पडणारच, दोन वर्षांनी पुन्हा रंग काढा. मला ते पटेना. डाग पडतात तर नेमके कुठे पडतात ते तरी बघू, म्हणून टेप घेऊन मी हॉलमध्ये जमिनीवर बसलो.

आमचा मीरा रोडचा फ्लॅट वन बीएचके. हॉल दहा बाय पंधरा. एका लांब भिंतीला तीन माणसांचा सोफा. त्याच्या समोरच्या भिंतीवर, जमिनीपासून तीस ते चौतीस इंचांवर, डोक्याच्या तेलाचे काळपट गोल होते. बाल्कनीच्या दाराशी एक, तो माझा. स्वयंपाकघराच्या दाराशी एक, तो बायकोचा. मधला जरा खाली, तो मुलीचा. मग मी सोफा ओढून त्याच्या मागची भिंत पाहिली. ती कोरी होती.

म्हणजे आम्ही तिघं रोज जमिनीवर टेकून बसत होतो आणि सोफ्यावर बसत होते इस्त्रीचे कपडे.

मी ताडकन उठून उभा राहिलो. वर्षअखेरीला ताळेबंद एका फटक्यात जुळला की अंगात जे येतं, तसंच काहीसं आलं होतं, फक्त दुप्पट. इतकी वर्षं मी आकड्यांवरून कंपनीची चाल ओळखत होतो. माझ्याच घराची चाल भिंतीवर लिहिलेली होती आणि मी ती पुसायला निघालो होतो.

डाग पुसायचे नाहीत, ते दिसणार नाहीत असा रंग लावायचा, हे तिथेच ठरलं. छत्तीस इंचांपर्यंत चारी बाजूंनी गेरूचा पट्टा, वर साधा पांढरा. अलिबागकडच्या आमच्या गावात घरांच्या भिंतींना खालून गेरू असायचा, तेव्हा तो का असतो हे कधी डोक्यात आलं नव्हतं. टेकणाऱ्या माणसांसाठी असतो.

बायको शाळेत शिकवते. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वर पांढरा, खाली लाल. एसटी स्टँड करताय का घराचा?"

"एसटी स्टँडवर लाखो माणसं टेकतात. तिथे कुणीतरी विचार केलेला असतो."

"मग बाकडीपण आणा तिथलीच."

पण रंग वाळल्यावर ती स्वयंपाकघराच्या दाराशी टेकून बसली. मान मागे टेकून वर पाहिलं. मग म्हणाली, "छत उंच झाल्यासारखं वाटतंय हो." मी पुन्हा टेप लावली, कारण मला सवय आहे. छत तेवढंच होतं. गडद रंग खाली राहिल्याने नजर वर मोकळी होत होती. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्या दिवसापासून मला घरं सुचायला लागली. रिक्षात, जिन्यात, कुणाच्या बारशाला गेलो तरी मी मनात सोफे हलवत बसायचो.

सोफा काढायचं म्हटल्यावर मात्र बायको अडून बसली. मी मोजमाप घालून नकाशा काढून दाखवला. ती म्हणाली, "कागदावर सगळंच मावतं."

म्हटलं, ठीक आहे, कागदावरच मावतंय का ते बघू. रद्दीतली वर्तमानपत्रं चिकटपट्टीने जोडली आणि खऱ्या मापाचं फर्निचर कापलं. खिडकीखाली अठरा इंच उंचीचा लांब ओटा, त्याच्या पोटात सामान. मुलीचं अभ्यासाचं टेबल. घडीची दोन आसनं. ते सगळं जमिनीवर अंथरलं आणि आम्ही त्याच्यासोबत राहून पाहिलं. कागद टेबलाचा असेल तर त्याला वळसा घालून जायचं, ओट्याचा असेल तर त्यावरच बसायचं. दोन वेळा ओटा सरकवला, एकदा टेबल फिरवलं. मग बायकोच म्हणाली, बोलवा सुताराला. सोफा गेला, आणि मुलीला पहिल्यांदा स्वतःची जागा मिळाली.

पाहायला माणसं येऊ लागली. आधी शेजारच्या गुजराती भाभी. दारातूनच म्हणाल्या, "अरे वाह, आपका हॉल हमसे बड़ा है क्या?" दोन्ही हॉल एकाच मापाचे, भिंत एकच. त्यांच्याकडे कागद अंथरले. मग वरच्या मजल्यावर, मग बाजूच्या विंगमध्ये. हळूहळू माझी एक पद्धत तयार झाली. आधी डाग बघायचे, चपला कुठे काढतात ते बघायचं, धुतलेले कपडे कुठे पडतात ते बघायचं. जमीन जेवढी मोकळी ठेवता येईल तेवढी ठेवायची. वस्तू कमरेच्या वर टांगायच्या. एका घरात एकच गडद रंग, आणि तो हात लागतो तिथे. आमच्याकडे पाहुणा आला की आजही खाली गादी टाकून झोपतो. त्या गादीची जागा मी सगळ्यात आधी मोजतो. बाजारात याला कुठली स्टाइल म्हणतात मला ठाऊक नाही. मुलगी म्हणते, "बाबा, ही तुमचीच आहे."

त्याच सुमारास आमचं ऑफिस नव्या मुंबईला हलणार असं ठरलं. साहेबांनी मला बोलावून विचारलं, येणार की सोडणार. दसऱ्यानंतरच्या सोमवारी उत्तर हवं होतं.

मला काय हवं होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. बायकोने एकच अट घातली. "भाभींचं घर मांडणं वेगळं. त्या चहा पाजतात आणि छान म्हणतात. परक्या माणसाने पैसे देऊन काम सांगितलं आणि त्याला ते पसंत पडलं, तर सोडा नोकरी. नाही पडलं तर सोमवारी गपचूप नव्या मुंबईला जायचं कबूल करा." अट चोख होती. मीही तीच घातली असती.

परकं काम आलं ते भाईंदर पूर्वेहून. नवरा-बायको दोघं नोकरी करणारी, सोबत नवऱ्याची आई, मूळ रत्नागिरीकडची माणसं. बाईने कुणाकडे तरी माझं काम पाहिलं होतं. फोनवरच तिने माझी फी विचारली. फी हा शब्द ऐकून मी गोंधळलो, पण आकडा सांगितला. एका फर्निचरवाल्याने त्यांना पॅकेज दिलं होतं: सोफासेट, टीव्ही युनिट, फॉल्स सीलिंग, सगळं एकदम. नवऱ्याचा कल तिकडे होता. "काका, तुम्ही दाखवा काय ते," ती म्हणाली. "यांना शनिवारी त्याला सांगायचंय."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो. हॉल आमच्याहून लहान. डाग पाहिले, आजींची बसायची जागा पाहिली, आणि घरून आणलेल्या रद्दीतून तिथेच सोफा, टेबल, पलंग कापून अंथरले. घरी फक्त आजी होत्या. बाई मधल्या सुट्टीत धावत आली होती. मी घाईघाईत सांगितलं, "हे असंच राहू द्या. याच्यासोबत वावरा. शनिवारी येतो." दोघींनी मान डोलावली. परत येताना मी इतका खुशीत होतो की स्टेशनपर्यंत चालतच गेलो.

शनिवारी नवऱ्याने दार उघडलं. म्हणाला, "काका, स्पष्ट सांगू? चालायलाच जागा उरत नाही हो. आम्ही तीन दिवस भिंतीला चिकटून जातोय."

मी मनातल्या मनात आकडे फिरवले. सोफा आणि भिंत यांच्यात मी बत्तीस इंच सोडले होते. बत्तीस इंचांत दोन माणसं तिरकी होऊन एकमेकांना जाऊ देतात. आकडे चुकले नव्हते. मग मी आत पाऊल टाकलं.

कागदाच्या सोफ्यावर झेंडूचं फूल होतं. टेबलावर हळदकुंकवाची बोटं. पलंगाच्या चारी कोपऱ्यांना तांदळाचे चार चार दाणे. आणि त्या सगळ्यांपासून हातभर अंतर राखून, बाल्कनीच्या कडेने, आजी स्वयंपाकघरात निघाल्या होत्या.

"आजी, सोफ्यावर बसून पाहिलंत का?"

त्या थबकल्या. "देवीवर बसू?"

मी खाली वाकून पाहिलं. मी आणलेली रद्दी त्याच आठवड्यातली होती. नवरात्रातली. पानापानावर देवीचे फोटो. सोफ्याच्या मधोमध सिंहावर बसलेली, टेबलावर मखरातली, आणि पलंगभर त्या त्या दिवसाच्या रंगाच्या साड्या नेसलेल्या बायका.

"आम्हाला वाटलं वास्तूचं काहीतरी असेल," बाई ओशाळून म्हणाली. "तुम्ही म्हणालात असंच राहू द्या. आई म्हणाल्या, मांडणी मोडायची नाही. यांना तर त्यांनी उडी मारून जायला लावलंय."

"चहा हातात घेऊन," नवरा म्हणाला.

आजी म्हणाल्या, "पाय लागला असता तर? आणि भाऊ, तुम्ही रोज फूल वाहायचं सांगितलं नव्हतंत, ते मी आपल्या मनाने वाहिलं. चाललं ना?"

माझे कान तापले होते. हसूही येत होतं. नवऱ्याने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला की फर्निचरवाल्याचा फोन पाचला येणार आहे. तीन दिवसांची चाचणी फुकट गेली होती, आणि माझा सोमवार त्या खोलीत, त्या तासाभरात ठरायचा होता.

मी हात जोडून म्हणालो, "चूक माझी. हे वास्तूचं काही नाही, हे नुसतं माप आहे. मला एक तास द्या. घरात जुन्या साड्या आहेत?"

आजींनी आधी कागद नीट घडी करून देव्हाऱ्याजवळ ठेवले. मग कपाटावरची पेटी नवऱ्याकडून काढवून घेतली. सुती साड्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. मी टेप लावत गेलो आणि आम्ही त्या मापात घड्या घालत गेलो. सोफ्याला हिरवी, मोहरीच्या रंगाच्या काठाची. टेबलाला जांभळी. पलंगाला दोन फिक्या.

"यावर पाय लागला तर चालेल?" मी विचारलं.

"माझ्याच साड्या. मला कसला पाय लागतोय." आणि त्या सरळ जाऊन सोफ्यावर बसल्या, पाय लांब करून. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "इथून दार दिसतं. गॅस दिसत नाही."

"गॅस दिसायला हवा?"

"दूध उतू जाईल ते कोण बघणार? हे दोघं?"

आम्ही हिरवी साडी काटकोनात फिरवली. आता दार दिसत होतं, गॅसही दिसत होता, आणि गंमत म्हणजे भिंतीशी बत्तीसऐवजी अडतीस इंच सुटले. नवरा त्यातून एकदा गेला, परत आला. मग बायकोला म्हणाला, "तू समोरून ये." दोघं एकमेकांना पार करून गेले, कुणाचा खांदा कुणाला लागला नाही. ती पुन्हा फिरली आणि मुद्दाम त्याला धक्का मारून गेली.

मी मात्र भिंतीकडे पाहत होतो. खाली हिरवा, काठ मोहरीचा, त्याला लागून मळकट पांढरी भिंत. हिरवा पट्टा छत्तीस इंचांपर्यंत, त्याच्या वर बोटभर मोहरी रंगाची रेघ, मग पांढरा. माझ्या घरात गेरू होता, पण इथे गेरूचं काही काम नव्हतं. या घराचा रंग पेटीत घडी घालून ठेवलेला होता. मी हे बोलून दाखवलं तेव्हा माझा आवाज चढला असावा, कारण आजी म्हणाल्या, "भाऊ, बसा जरा. पाणी प्या."

पाचला फोन आला. नवऱ्याने तो माझ्यासमोरच घेतला. म्हणाला, "नहीं भाई, हमारा हो गया." फोन ठेवून मला म्हणाला, "काका, फॉल्स सीलिंग मात्र मला हवं होतं." मी त्याला छताची उंची सांगितली, सीलिंगनंतर किती उरेल ते सांगितलं, आणि पंख्याखाली उभं राहून हात वर करायला सांगितलं. त्याने हात वर केला, पंख्याकडे पाहिलं आणि विषय सोडला.

घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. ती देवीवर बसायच्या वाक्याला इतकी हसली की तिला पुन्हा सांगावं लागलं. हसून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे सोमवारी नाही म्हणताय."

"अट पुरी झाली ना? फीही मिळाली."

"झाली. मीच घातली होती, आता काय बोलणार." मग म्हणाली, "मला भीती वाटतेय हो."

"मलाही," मी म्हणालो. खरं होतं. पण त्या भीतीसोबत जे दुसरं काही अंगात उसळत होतं ते फार मोठं होतं, आणि तिला ते दिसत होतं.

सोमवारी साहेबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, पुढे काय करणार? मी म्हणालो, घरं मांडणार. त्यांना वाटलं मी फ्लॅटची दलाली करणार आहे. त्यांनी मला शुभेच्छा दिल्या आणि नव्या मुंबईत काही स्वस्तात असेल तर कळवा म्हणाले.

ऑफिसचं उरलंसुरलं आवरून झाल्यावर एका बुधवारी सकाळी अकराला मी काशीगावात सुताराच्या कारखान्यात पोचलो. वर्षानुवर्षं बुधवारी अकराला मी संगणकासमोर असायचो. सुतार रंधा थांबवून म्हणाला, "क्या साहब, आज छुट्टी?"

"नहीं, काम पे आया हूँ," मी म्हणालो, आणि खिशातून टेप काढली. भाईंदरच्या सोफ्यासाठी त्याने काढून ठेवलेलं प्लाय मोजलं. एकोणीस मिलिमीटर सांगितलं होतं, सतरा भरलं. मी ते बाजूला ठेवायला सांगितलं आणि दुसरं काढायला लावलं.