नवं घर, नवं पाणी आणि आम्ही दोघं प्लंबर

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. कापलेल्या पाइपाचे वीतभर तुकडे डिकीत साठत जातात ना, तसेच तेही साठतात. कामाला येत नाहीत आणि टाकवतही नाहीत! परवा पेणला चार मित्र बसलो होतो. एकजण म्हणाला, "तुझं बरं आहे बाबा, नळ आवळायचा आणि घरी जायचं." म्हटलं, "बस खाली. चहा सांग. मग मी सांगतो."

मी पेणजवळच्या जिते गावचा. माझा पार्टनर इस्माईलभाई रोह्याचा. वीस-बावीस वर्षं आम्ही जोडीनं प्लंबिंग करतोय. जुन्या घरातली माणसं पाण्याबद्दल काही विचारत नाहीत. कुठला नळ हळू चालतो, पाणी किती वाजता येतं, सगळं त्यांना पाठ असतं. पण नव्या घरात गेलेला माणूस कितीही शिकलेला असो, पाण्यापुढं पहिलीतल्या पोरासारखा उभा राहतो. मग आम्हाला फोन येतो.

*

एक गणिताचे सर होते. सगळी नोकरी रोह्याकडच्या कंपनीच्या शाळेत, राहायला कंपनीचेच क्वार्टर. रिटायर झाल्यावर पेणला छोटंसं घर बांधलं. क्वार्टरमध्ये पाण्याचं बिल कधी बघितलेलंच नाही. इथं पहिलं बिल आलं आणि सर हादरले. म्हणाले, "दोनच माणसं आहोत. एवढं पाणी आम्ही पिऊच शकत नाही!"

त्यांनी वही घातली. आंघोळीच्या बादल्या दोन, भांड्यांची एक, तुळशीला एक तांब्या. आठ दिवस सगळं लिहिलं. बेरीज आणि मीटर काही केल्या जुळेना. सरांच्या बाई मला हळूच म्हणाल्या, "अहो, काहीतरी करा. काल मी चूळ भरली तरी 'किती' म्हणून विचारलं!"

इस्माईलभाईनं घरातले सगळे नळ बंद केले आणि सरांना मीटरजवळ नेलं. मीटरवर एक छोटी चांदणी असते, पाणी वाहिलं की फिरते. सगळं बंद, तरी ती आपली सावकाश फिरतच होती. मग त्यानं बाईंकडून कपड्याची नीळ मागितली, फ्लशच्या टाकीत टाकली आणि म्हणाला, "सर, दहा मिनिटं थांबा. कोणी फ्लश करू नका." दहा मिनिटांनी बघतो तर भांड्यात निळी धार! वॉशर गेलेला. दिवसरात्र पाणी गुपचूप चाललं होतं.

सर वाकून त्या धारेकडे बघायला लागले. मग म्हणाले, "एक नळ टाकी भरतो, दुसरा नळ टाकी रिकामी करतो. पस्तीस वर्षं मुलांना हे गणित घातलं. पोरं विचारायची, सर, दुसरा नळ कोण कशाला चालू ठेवेल? मी त्यांना गप्प बसवायचो. तो दुसरा नळ आज भेटला!"

*

कोलाडच्या एका बाईंचा फोन, सकाळी सकाळी. नवं कनेक्शन घेतलेलं.

"भाऊ, नळाला नुसती हवा येतेय. फुस्स फुस्स!"

"येईल हो ताई. लाइन रिकामी झालेली असते, पाणी यायच्या आधी हवा येते."

"ते हाय, पण मीटर फिरतोय ना! हवेचं बिल कोन भरनार?"

मी फोन इस्माईलभाईकडे दिला. त्यानं ऐकलं आणि फोन परत माझ्याकडे दिला.

*

पेणच्या एका फ्लॅटमध्ये मी सिंकचा नळ बसवत होतो. नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, घरात फक्त आजी. आजीचं सगळं आयुष्य खाडीकाठी मिठागरात गेलेलं. तेवढ्यात बेल वाजली. टाय लावलेला एक पोरगा, पाण्याच्या फिल्टरचा सेल्समन. "आजी, तुमचं पाणी फुकट टेस्ट करून देतो."

त्यानं दोन ग्लास मांडले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतलं. वायर जोडलेल्या दांड्या दोन्हीत बुडवल्या. बघता बघता नळाचं पाणी चहासारखं तांबडं झालं, वर गाळ आला. त्याच्या बाटलीतलं पाणी जसंच्या तसं. "बघा आजी! हे विष तुमची नातवंडं रोज पितात."

आजीचा चेहरा उतरला. माझ्याकडे बघून म्हणाली, "व्हय रं बाबा?" मी उत्तर देणार, तोच तिनं नळाचं थोडं पाणी वाटीत घेऊन जिभेवर ठेवलं. मग त्या पोराच्या बाटलीतलं ठेवलं. थोडा वेळ तोंडात घोळवलं आणि आत जाऊन मिठाची बरणी घेऊन आली.

"तुझ्या पान्यात मीठच नाय. आता चिमटीभर टाकते. घाल तुझ्या काड्या."

"आजी, तसं नसतं..."

"घाल!"

घातल्या. एका मिनिटात त्याचंही पाणी तांबडं! त्या दांड्यांतलं लोखंडच पाण्यात उतरतं. मीठ-क्षार असले की उतरतं, नसले की नाही. पाणी चांगलं की वाईट, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. हे मला शिकायला दोन वर्षं लागली होती.

पोरगा खाली मान घालून वायरी गुंडाळायला लागला. आजीनं त्याच्यापुढं पोह्यांची बशी ठेवली. म्हणाली, "खा. उन्हातनं फिरतोस. पोह्यात मीठ हाय, पन काड्या नको घालू!"

*

आता हमरापूरकडचा किस्सा. तिकडं घराघरात गणपती बनतात, तुम्हाला माहीतच आहे. एका मूर्तिकाराच्या धाकट्या भावानं कारखान्याला लागूनच नवं घर बांधलं. दोन्हीकडे पाण्याची लाइन एकच. वास्तुशांतीनंतर चार दिवसांनी त्याच्या सुनेचा फोन. "काका, लवकर या. स्वयंपाकघरातल्या नळाला गुलाबी पाणी येतंय!"

गेलो. खरंच गुलाबी! सून घाबरलेली, सासूबाई हात जोडून उभ्या. सासरे म्हणाले, "ऐन सीझनला हे काय लचांड!" आम्ही पाइप तपासत तपासत कारखान्यात पोचलो. मोठ्या भावानं, म्हणजे मूर्तिकारानं, रंगाच्या बादलीत पाणी घ्यायला नळाला लांब पाइप जोडला होता आणि त्याचं तोंड तसंच बादलीत बुडलेलं. लाइनचं पाणी गेलं, पाइपानं उलटा घोट घेतला आणि बादलीतला रंग धाकट्या भावाच्या घरच्या नळापर्यंत पोचला!

इस्माईलभाईनं समजावलं, "पाइपाचं तोंड पाण्याच्या वर ठेवायचं. कायम. आज रंग होता म्हणून दिसला, फिनाईल असतं तर दिसलंही नसतं." सगळे गंभीर झाले. नळाला उलट पाणी न येऊ देणारा व्हॉल्व्ह त्याच दिवशी बसवला.

फक्त सासूबाईंना ते पटत नव्हतं. म्हणाल्या, "नव्या घरात अजून गणपती बसला नाय, पन त्याचा रंग आधी आला. तुम्ही काय ते व्हॉल्व्ह-बिल्व्ह लावा, मी पेढे वाटनारच!"

*

हा पुढचा सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगतो. रोह्याला एक काका-काकू मुंबई सोडून राहायला आले. नव्या बंगल्यात दोन लाइनी टाकायच्या होत्या. नळाचं पाणी स्वयंपाकघराला, बोअरचं पाणी संडास आणि बागेला. काम मी केलं. वर्षभर काका भेटेल त्याला सांगायचे, "गावचं पाणी काय गोड आहे हो! मुंबईला असं पाणी मिळालंच नाही."

वर्षानं गच्चीवरचा एक व्हॉल्व्ह बदलायला गेलो. लाइन बघितली आणि हातातला व्हॉल्व्ह खाली ठेवला. दोन्ही लाइनी मी उलट्या जोडल्या होत्या! वर्षभर काका-काकू बोअरचं पाणी पीत होते आणि संडासात शुद्ध केलेलं पाणी ओतत होते.

खाली येऊन इस्माईलभाईला बाजूला घेतलं. म्हटलं, "गुपचूप सरळ करून टाकू का?" तो म्हणाला, "कर सरळ. पण आधी सांग. लोक आपल्या भरवशावर ग्लास तोंडाला लावतात."

सांगितलं. काकूंनी तोंडाला पदर लावला. काकांनी हातातला ग्लास खाली ठेवला. बोअरच्या पाण्याची बाटली भरून मी स्वतः तपासायला देऊन आलो. रिपोर्ट येईपर्यंत मला जेवण गोड लागलं नाही. रिपोर्ट चांगला आला. तो घेऊन धावत गेलो आणि काकांच्या हातात दिला.

काकांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. म्हणाले, "म्हणजे वर्षभर आम्ही संडासचं पाणी पिऊन ठणठणीत!"

"हो काका. चुकलं माझं. आता सरळ करून दिलंय."

"कोणी सांगितलं सरळ करायला?"

*

शेवटचा सांगतो. हिराबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई होत्या. पेणच्या पलीकडच्या खारेपाटातल्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मुलखातल्या. मुलानं पेणला फ्लॅट घेतला आणि आईला घेऊन आला. मुलगा कंपनीत शिफ्टला, सून दवाखान्यात नोकरीला. तीन माणसांचं घर, पण पाण्याचं बिल सहा माणसांचं. मुलानं सोसायटीशी भांडण काढलं, मीटर बदलून घेतला, आम्हाला दोनदा बोलावलं. नीळ टाकली, चांदणी बघितली. एक थेंब गळती नाही!

तिसऱ्या वेळी मी एकटाच गेलो. दुपारची वेळ, घरी फक्त हिराबाई. दार उघडंच होतं. बघतो तर म्हातारी एक एक भांडं उचलून मोरीत रिकामं करतेय आणि परत नळाखाली धरतेय. हंडा, कळशी, दोन बादल्या, कुकर, बरण्या, तेलाचे रिकामे डबे, पुढं होणाऱ्या नातवाला म्हणून घेऊन ठेवलेला प्लॅस्टिकचा टब. पलंगाखाली, कपाटामागं, सगळीकडे पाणीच पाणी.

मला बघून ती दचकली. म्हणाली, "कालचं शिळं झालं ना. म्हनून ताजं भरते."

"आजी, इथं नळाला रोज पाणी असतं."

"आज हाय रं." हातातली कळशी तिनं खाली ठेवली नाही. "आमच्या गावाला पान्याचा टँकर यायचा, त्याच्यामागं धावताना माझा पाय मोडला. पोटुशी होते. सून म्हनते, आई, नळ फिरवा, पानी येतं. नळावर माझा नाय विश्वास." मग एकदम हळू आवाजात, "पोराला सांगू नको. त्याला वाटंल, आईचं डोकं फिरलं."

हातात पाना होता, पण आवळायचं काय? पाना पिशवीत टाकला. मग म्हटलं, "आजी, चपला घाला. खाली चला माझ्याबरोबर."

लिफ्टनं खाली आलो. पार्किंगमध्ये बिल्डिंगची जमिनीतली टाकी आहे, वर लोखंडी झाकण. मी आणि वॉचमननं मिळून ते उचललं. हिराबाई माझा हात धरून काठाशी उकिडव्या बसल्या आणि वाकून आत बघितलं. टाकी गळ्यापर्यंत भरलेली. वरच्या दिव्याचा उजेड पाण्यावर हलत होता.

"केवढं हाय?"

"खूप आहे आजी. सगळ्या बिल्डिंगला दोन दिवस पुरेल."

"ह्याच्यात माझंपन हाय?"

"हो. तुमचंपण आहे."

त्या तिथून उठेनात. दोन गाड्या आल्या, हॉर्न वाजवून थांबल्या. वॉचमननं हातानंच त्यांना दम धरायला सांगितलं. शेवटी हिराबाईंनी पदर सावरला, दोन्ही हात जोडले आणि मला म्हणाल्या, "लाव झाकन. धूळ जाईल."

दोन महिन्यांनी मुलाचा फोन आला. एकदम खूश. "काका, बिल निम्म्यावर आलं! शेवटी गळती कुठं होती? कुठला पार्ट बदललात?"

म्हटलं, "पार्ट काही बदलला नाही रे. टाकीचं झाकण उघडलं आणि परत लावलं."